दिवट्याच्या पायाखाली

"मुलांची नावं मी माइकवर घेत नाही," ती बाई म्हणाली, आणि माझ्या मनात आलं, हिच्या एक कानशिलात द्यावी.

माझी चार वर्षांची मुलगी तेव्हा बसस्टँडवर हरवलेली होती. आम्ही तिला पिटू म्हणतो. सासूबाईंचा हात धरून ती पाण्याच्या नळापाशी गेली होती. सासूबाईंनी बाटली धरायला हात सोडला, बाटली भरली, झाकण लावलं आणि वळून पाहिलं तर पिटू नाही. मी सामानापाशी बसले होते. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं मला काही झालं नाही. उलट सगळं नको इतकं स्पष्ट दिसायला लागलं. फलाटावरचे तेलाचे डाग, कुणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा, आणि मागे सरकणाऱ्या गाड्यांच्या त्या रुंद, आंधळ्या पाठी. तिथे गाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या राहायच्या आणि निघताना मागे घ्याव्या लागायच्या. कंडक्टर मागच्या पत्र्यावर थापा मारत ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे." चार वर्षांचं मूल त्या थापेच्या उंचीपर्यंत पोचतच नाही.

चौकशीच्या खिडकीमागे, पत्र्याच्या कपाटाचा आडोसा करून त्या बाईची जागा केलेली होती. एक खुर्ची, एक टेबल, त्यावर माइक आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा तांब्या. ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची, म्हणून स्टँडवर तिला सगळे आकाशवाणी म्हणत. चहावाला, कंडक्टर, झाडूवाल्या, सगळे. "आकाशवाणी, आमची गाडी कितव्या फलाटाला?" असं.

तिने मला फ्रॉकचा रंग विचारला, केस किती, पायात काय, शेवटची कुठे दिसली. मी सांगितलं. ती माइकवर म्हणाली, चार वर्षांची मुलगी, अंगात पिवळा फ्रॉक, पायात लाल बूट, ज्यांच्याजवळ असेल त्यांनी आहे तिथेच थांबून हात वर करावा, मुलीला घेऊन कुठेही चालू लागू नये. आवाज संथ होता, गाडी लागल्याचं सांगावं तसा. आम्ही खिडकीतून फलाटांकडे पाहत राहिलो. एकही हात वर झाला नाही.

तिने पुन्हा सांगितलं. हात नाहीच. मग मी म्हटलं, तिला नावाने हाक मारा, नाव ऐकलं की ती येईल. त्यावर तिने ते वाक्य म्हटलं, जे मी सुरुवातीला लिहिलंय.

तिने कारण सांगितलं असतं तर कदाचित मी थोडी शांत झाले असते. पण ते तिने फार पुढे, आमची घसट वाढल्यावर सांगितलं. तिची नोकरी नवीन होती तेव्हा एक मुलगा हरवला होता. तिने त्याचं नाव माइकवरून तीनदा घेतलं, शर्टाचा रंग सांगितला. आईबाप एका टोकाला, पोरगा दुसऱ्या टोकाला. मधे उभ्या असलेल्या एका माणसाने ते ऐकलं, पोराजवळ गेला, त्याच नावाने हाक मारली, आणि पोरगं हसत त्याच्या मागे चालू लागलं. फाटकापाशी केळीवाल्या बाईला शंका आली म्हणून तो माणूस पोराला सोडून पळाला. केळीवालीने अडवून विचारलं तेव्हा पोरगं तिला सांगत होतं, काका माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना माझं नाव माहीत आहे.

"नाव घेतलं की पोराला वाटतं, हा आपलाच," ती मला म्हणाली होती. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

हरवलेल्या मुलांकडून नाव काढून घेणं हे मात्र तिच्या हातचं काम होतं. मूल सापडून तिच्यासमोर आणून बसवलं की ती त्याच्याशी गाड्यांबद्दल बोलायची आणि बोलता बोलता विचारायची, बाबांचं नाव काय? एकीने सांगितलं होतं, "अहो." आईचं? "ऐकलंस का." आकाशवाणीने तेच माइकवर घातलं, की 'अहो' नावाच्या वडिलांनी चौकशीपाशी यावं, आणि अर्ध्या स्टँडवरचे नवरे दचकून उठले. ही गोष्ट सांगताना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आडनावांचीही तिला हौस. दिवसभर माणसांची आडनावं तोंडात यायची, आणि माणूस खिडकीपाशी आला की ती विचारायचीच, हो, पण म्हणजे काय हो त्याचं? कुणी गाव सांगायचं, कुणी पणजोबांचा धंदा, बहुतेकांना काहीच माहीत नसायचं. तिचं मत असं होतं की आडनाव म्हणजे कधीतरी कुणीतरी चिडवलेलं असतं, आणि पुढच्या पोरांनी ते निमूट चालवलेलं असतं.

तिचं स्वतःचं नाव मात्र कुणीच घेत नसे. स्टँडवर आकाशवाणी. घरी मुलं आई म्हणत, सासरचे मोठी म्हणत. नवरा डेपोच्या वर्कशॉपमध्ये घण घालून घालून कानाने अधू झालेला, तो 'अगं' म्हणायचा आणि उत्तर न ऐकताच पुढे बोलायचा. "सगळ्या गावाला माझा आवाज जातो," ती म्हणायची, "यांच्यापर्यंत तेवढा पोचत नाही." माहेरी आई होती तोवर नावाने हाक येत असे. आता तेही दार बंद झालेलं.

पण त्या दिवशी यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मला समोर एक हट्टी बाई दिसत होती, जी माझ्या पोरीला हाक मारायला तयार नव्हती.

मी आरडाओरडा केला. तो ऐकून कंट्रोलर साहेब त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. स्टँडचा कारभार त्यांच्याकडे होता. अर्धं बिस्कीट हातात होतं, ते त्यांनी तोंडात टाकलं आणि मला मुलीचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव ऐकून ते थांबले.

आमचं आडनाव दिवटे.

ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते त्यांना यापुढे काही सांगायला नको. वाया गेलेल्या मुलाला आपण 'दिवटे चिरंजीव' म्हणतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्या मैत्रिणींनी पत्रिका वाचून पोट धरलं होतं. शाळेत हजेरी घेताना, दवाखान्यात नंबर पुकारताना, कुठे ना कुठे एक हसू असतंच. मला त्याची सवय झालेली होती. त्या दिवशीही साहेबांना वाईट बोलायचं नसावं. घाबरलेल्या माणसांपुढे काहीतरी हलकं बोलावं असं काही जणांना वाटतं.

"दिवटे का," ते म्हणाले. "मग पोरीने दिवे लावले यात नवल काय?"

सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात अजून कुणाचा तरी हात धरल्यासारखा अर्धा मिटलेला होता. तो त्यांनी खाली केला.

"दिवे लावणं हा आमचा धंदाच होता साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखे मोठे लोक मागून चालायचे."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आकाशवाणीला म्हटलं, सरका, आणि स्वतः माइककडे आले. ती उठली नाही, तेव्हा त्यांनी खुर्चीसकट तिला बाजूला सरकवलं. मग त्यांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं. तिचं, तिच्या बाबांचं, आडनाव, सगळं शाळेच्या दाखल्यावर लिहावं तसं, मोठ्याने, एकदा, पुन्हा, पुन्हा. जिथे असशील तिथून चौकशीच्या खिडकीपाशी ये. सगळ्या खांबांवरच्या भोंग्यांतून ते एकदम बाहेर पडलं. पत्र्याच्या छताला लागून परत आलं. त्या परत आलेल्या आवाजात मला माझंच एक वाक्य ऐकू आलं.

तोवर मी ते विसरले होते हे खरं वाटणार नाही, पण भीतीने माणूस साधं तेच विसरतो. मी काळजी करणारी आई आहे. घरचे म्हणतात, तू सावलीलाही हात धरायला सांगशील. पिटू बोलायला लागल्यापासून मी तिला पढवलं होतं की अनोळखी माणसाने नाव विचारलं तर सांगायचं नाही. आणि एवढ्यावर माझं समाधान झालं नव्हतं. अनोळखी माणसाने तुझं नाव घेऊन हाक मारली तर मुळीच जायचं नाही. लपून बसायचं. तो बाबांचं नाव सांगेल, आईचं सांगेल, तरी नाही. आकाशवाणी ज्या कारणासाठी नाव घेत नव्हती, त्याच कारणासाठी मी माझ्या मुलीला नावापासून पळायला शिकवलं होतं. आणि आता चहूबाजूंच्या खांबांवरून एक परका पुरुष तिचं, तिच्या बाबांचं, घराण्याचं नाव घेऊन तिला 'ये' म्हणत होता.

"थांबवा," मी म्हटलं. "ती लपेल. अजून लपेल."

साहेबांना काही कळेना. आकाशवाणीला कळलं. तिने साहेबांच्या हाताखालून बटण बंद केलं आणि मला विचारलं, "काय शिकवलंय तुम्ही तिला? नीट सांगा."

मी सांगितलं. मग तिने मलाच माइकपुढे ओढलं. आईचा आवाज तर ओळखेल. मी म्हटलं, पिटू, बाळा, मी आहे, ये. पण माझा आवाज फाटला होता, आणि भोंग्यातून जो बाहेर पडला तो कुणा भलत्याच बाईचा होता, रडवेला आणि घोगरा. मी स्वतः ऐकून दचकले. त्या आवाजाला मीही गेले नसते. आम्ही वाट पाहिली. तेवढ्यात समोरची एक गाडी मागे निघाली, "येऊ दे, येऊ दे," आणि मी डोळे मिटून घेतले. गाडी वळून निघून गेली. मागे मोकळी जागा राहिली, तिच्यात तेलाचा डाग आणि एक चुरगळलेला कागद, आणखी काही नाही. मी तो कागदसुद्धा दोनदा पाहिला.

आकाशवाणीनेही ते पाहिलं. "लपायचं तर ती कुठे लपेल?" तिने विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "खाली. आमची पिटू कायम खाली शिरते. पलंगाखाली, टेबलाखाली."

त्या 'खाली'सरशी सगळ्यांच्या नजरा चाकांकडे गेल्या. फलाटांना चारपाच गाड्या लागलेल्या होत्या. त्यांतल्या दोन गाड्यांची इंजिनं चालू होती.

मग ती बाई माइकजवळ आली आणि तिने जे केलं त्याचा अधिकार तिला नव्हता. गाड्या कुठल्या फलाटाला लागल्या ते सांगणं तिचं काम. कधी सुटायचं, कधी थांबायचं हे सांगणारे साहेब. ती म्हणाली, सर्व चालकांना सूचना, कुणीही गाडी मागे घेऊ नये, आतल्या कुठल्याही गाडीने चाक हलवू नये, इंजिनं बंद करावीत. साहेब म्हणाले, कुणाच्या परवानगीने? फाटकाबाहेर रांग लागेल, उत्तर कोण देणार?

"माझ्या नावावर लिहा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

एक इंजिन बंद झालं. दुसरं चालूच. ती तिसऱ्या फलाटाची गाडी होती, गच्च भरलेली, ड्रायव्हर नुकताच सीटवर चढलेला. आत प्रवासी ओरडत होते, कंडक्टर खिडकीतून डोकं काढून विचारत होता की कसली नाटकं चालली आहेत. ड्रायव्हरने गियरच्या दांड्यावर हात ठेवलेला आम्हाला काचेतून दिसत होता. आकाशवाणी म्हणाली, "तीन नंबर, भाऊ, तुमचीच वाट बघतेय." तिचा आवाज चढला नव्हता. त्याने तोंड वाकडं करून किल्ली फिरवली आणि कंडक्टरला ओरडून म्हटलं, "घ्या, आता इथेच संसार थाटू."

इंजिनाची घरघर थांबली तेव्हा कळलं की ती किती होती. चहावाल्याने न सांगता स्टोव्ह बंद केला. प्रवासी हळूहळू गप्प झाले, त्यांना आता समजलं होतं.

"तिच्याशी काही खूण ठरलीय का?" आकाशवाणीने मला हळू आवाजात विचारलं. "मी आईने पाठवलेली आहे, हे तिला कशावरून पटेल?"

खूण होती. ती सासूबाईंनी घातलेली होती, आडनावावरून. पिटूला बालवाडीत कुणीतरी दिवटी म्हणून चिडवलं आणि ती रडत घरी आली, तेव्हा सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं की आपले जुने लोक रात्रीच्या वाटेवर दिवटी हातात धरून पुढे चालायचे. मागच्यांना रस्ता दिसायचा. ज्याच्या हातात दिवटी असते त्याच्या स्वतःच्या पायाखाली मात्र अंधार असतो, आणि उजेड पुढे पडतो. पिटूला ते इतकं आवडलं की त्याचा खेळच झाला. सासूबाई अर्धं विचारायच्या, ती अर्धं सांगायची. मग मी त्या खेळाची खूण केली. कुणी आलं आणि त्याला हे विचारता आलं, तरच तो आपला.

पण एवढ्या लोकांपुढे खूण फोडायची? स्टँडवर कोण कोण उभं होतं ते मला दिसत होतं, प्रत्येक पुरुष मला त्या केळीवालीच्या गोष्टीतला वाटावा असा, आणि ती गोष्ट तर मी अजून ऐकलीही नव्हती.

तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "फक्त प्रश्न सांगा," ती म्हणाली. "उत्तर सांगू नका. मलासुद्धा नको."

मी तिच्या कानात प्रश्न सांगितला. तिने तो ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, असं नाही, 'पायाखाली'वर जरा थांबायचं, मी थांबते. तिने पुन्हा म्हटलं. सासूबाईंनी मान हलवली. फडक्यातला तांब्या काढून ती घोटभर पाणी प्यायली आणि तिने बटण दाबलं.

"दिवट्याच्या पायाखाली... काय?"

भोंग्यांतून निघालेला तो आवाज छताला लागला आणि विरला. काही नाही. कुणाचं तरी तान्हं मूल कुरकुरलं आणि त्याच्या आईने त्याचं तोंड पदराआड घेतलं. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते, त्याबद्दल मी त्यांना पुढे बरंचसं माफ केलं.

तिने दुसऱ्यांदा विचारलं, जरा हळू. घरात विचारावं तसं.

"दिवट्याच्या पायाखाली... काय?"

"अंधार."

आवाज एवढासा होता. कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. फलाटावरची माणसं एकमेकांच्या पायांकडे बघायला लागली. मी पळणार होते, पण आकाशवाणीने माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळ्यांनीच विचारलं, बरोबर? मी मान हलवली. तिने कान पुढे केला. मी दुसरा अर्धा प्रश्न सांगितला.

"आणि पुढे?" ती माइकवर म्हणाली.

"उजेड!"

या वेळी मोठ्याने, धिटाईने. आणि तीन नंबरच्या गाडीत मघाचा तो ड्रायव्हर सीटवर ताठ झाला. आवाज त्याच्या पायाखालून आला होता.

तो उठला नाही. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून काचेतून आम्हाला दिसतील असे वर धरले, जणू कुणी त्याच्यावर बंदूक रोखली आहे. मग पाय अगदी अलगद उचलून, दाराच्या कडेला धरून तो खाली उतरला आणि फलाटाच्या त्या तेलकट जमिनीवर पोटावर आडवा झाला. मी पोचले तेव्हा तो पुढच्या चाकामागे बघत हलक्या आवाजात सांगत होता, "मी काही नाही विचारत हं. मी नाव नाही विचारत. ही बघ, तुझी आई आली."

पिटू चाकाच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पिवळा फ्रॉक काळा झाला होता. मी हात पुढे केला तेव्हा तिने आधी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि मग आली.

बाहेर काढल्यावर मी तिला छातीशी धरून बसले. ती घुसमटून म्हणाली, आई सोड. मग मोठ्या फुशारकीने म्हणाली, "तो माणूस वरून माझं पूर्ण नाव घेत होता. बाबांचं पण. मी नाही गेले. आणि एक बाई तुझ्यासारखं रडत होती. तरी नाही गेले."

शाबासकीसाठी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ती द्यावी लागली. "शहाणी गं माझी," मी म्हटलं.

ड्रायव्हर गाडीच्या पायरीवर बसून राहिला. चहावाल्याने त्याच्या हातात कप दिला, त्यातला अर्धा बशीत आणि अर्धा पँटवर सांडला. त्याला गाडी न्यायची होती, पण पुढचा बराच वेळ त्याने इंजिन चालू केलं नाही, आणि एकाही प्रवाशाने ओरडून घाई केली नाही.

सासूबाई पिटूला घेऊन खिडकीपाशी आल्या. आकाशवाणी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. माइक साहेबांपुढे होता आणि साहेब स्वतः गाड्या पुकारत होते, दोनदा चुकीचा फलाट सांगत. तिचा आवाज गेला होता. खरोखरच गेला होता, नुसता वारा येत होता. पिटूने तिला बराच वेळ पाहिलं.

"वरून तू बोलत होतीस?"

तिने मान हलवली.

"तुझं नाव काय?"

पोरीने स्वतःचा नियम सोडून दुसऱ्याचं नाव विचारलेलं पाहून सासूबाई हसल्या. आकाशवाणी हसली नाही. ती खिडकीतून पुढे वाकली आणि जो काही वारा उरला होता त्याने पिटूच्या कानात काहीतरी सांगितलं. पिटूने ते हळूच म्हणून पाहिलं, जीभ वळवून, अवघड शब्द पाहावा तसं. बाईने डोळे मिटून घेतले.

तिला खुलासा द्यावा लागला. गाड्या का रोखल्या, कुणाच्या आदेशाने. ती म्हणाली होती ना, माझ्या नावावर लिहा. पण ज्या कागदावर तो खुलासा मागितला त्यावरही तिचं नाव नव्हतं, नुसतं 'उद्घोषिका' होतं. हे तिने मला हसत सांगितलं. साहेबांनीच पुढे ते प्रकरण कुठेतरी खाली दाबलं. त्यांनी सासूबाईंची माफी मागितली नाही, पण आम्ही स्टँडवर दिसलो की ते स्वतः उठून आमची गाडी कुठे लागलीय ते दाखवायला यायचे, आणि सासूबाई त्यांना म्हणायच्या, चला साहेब, तुम्ही पुढे, आज आम्ही मागून.

आमची खूण मात्र त्या दिवशी संपली. सगळ्या स्टँडने ती ऐकली होती. पुढे कितीतरी दिवस चहावाला पिटूला पाहिलं की विचारायचा, काय गं, पायाखाली काय? नवी खूण हवी होती. मी दोनतीन शब्द सुचवले. पिटूने सगळे नाकारले. तिने स्वतःच एक शब्द सांगितला, त्या बाईचं नाव. ते कुणालाच माहीत नाही, तिचा मुद्दा असा होता, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. मी आकाशवाणीला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "कुणीतरी वापरात तर ठेवेल."

म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याचा अर्थही नाही, कारण अर्थावरून ओळखता येईल. एवढंच सांगते, की पिटूच्या शाळेच्या सहलीत, परगावच्या शिबिरात, एकदा ताप चढून ती दवाखान्यात होती तेव्हा तिच्या काकाने, असं ते नाव आमच्या घरात पुष्कळदा घेतलं गेलं. ज्याने ते घेतलं त्याच्याबरोबर ती निर्धास्त गेली. ती बाई कधीच निवृत्त झाली. तिच्या जागी आता यंत्रात भरलेला आवाज गाड्या सांगतो, तो मुलांची नावंही घेत नाही आणि हाकाही मारत नाही.

दाराशी पिटूची बॅग भरून ठेवलेली आहे. ती आता हातात हात देण्याच्या वयाची राहिलेली नाही. सकाळच्या गाडीने एकटी जाणार आहे, नव्या गावात, नव्या नोकरीला. मघाशी मी तिला सांगायला लागले, अनोळखी माणसाने... तर ती हसून म्हणाली, आई, तिथे गेल्यावर हजेरीला आडनाव घेतलं तर ओ द्यायची की लपायचं? मी म्हटलं, चेष्टा पुरे, पोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, फोनवर तूच आहेस हे मला कशावरून कळणार?

मग मी ते नाव घेतलं. ती म्हणाली, "हं. मग करते."